२२,६०० रुपये घेतले, बिघाड १८० रुपयांचा होता

संक्रांतीच्या आधीचा आठवडा होता. सोलापुरातल्या गड्ड्याच्या जत्रेतल्या स्टॉलवाल्यांचा माल माझ्या छोट्या हत्तीतून, म्हणजे छोट्या टेम्पोतून, जात होता, दिवसाला तीन-तीन फेऱ्या. नेमकी तेव्हाच गाडी अडायला लागली. किल्ली फिरवली की नुसतं कट-कट, सेल्फ उचलायचाच नाही. हेडलाइट मात्र लख्ख. हे 'लख्ख' मी इथे मुद्दाम लिहितोय. बॅटरी बसली असती तर सेल्फ मारताना दिवे विझायला आले असते.

एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गाडी ढकलत नेली. दुकान, गल्ली काही लिहीत नाही, तक्रार चालू आहे. त्याने मल्टिमीटर काढला, लाल पिन बॅटरीच्या प्लसवर ठेवली आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. "बघा मालक, ८.१ व्होल्ट. बॅटरी गेली की हो तुमची."

त्याची काळी पिन बॅटरीच्या मायनसवर नव्हती. ती इंजिनच्या बोल्टवर होती, म्हणजे इंजिन ते बॅटरी या वाटेतला बिघाडही बॅटरीच्याच नावावर पडला. खिडकीतून डोकं बाहेर काढून मी आकडा पाहिला आणि पिनही पाहिली. मीटर मला वाचता येतो. ३५० रुपयांचा माझा स्वतःचा मीटर त्याच क्षणी माझ्या सीटखाली पडला होता. दोन्ही पिना बॅटरीच्या टोकांवर ठेवून एकदा बघितलं असतं तर दहा सेकंदांत खोटं उघडं पडलं असतं. रात्री झोप लागत नाही ती या एका गोष्टीने. पण डोक्यात पार्टीचे फोन होते, "माल कधी येणार" म्हणून. रस्त्यात गाडी अडकलेला माणूस पिना मोजत बसत नाही.

मग धक्का मारून गाडी चालू केली, तर बॅटरीवर १२.३. चालू गाडीत डायनामो बॅटरी चार्ज करतो, म्हणून १३.८ ते १४.४ पाहिजे, हे खरंच आहे. म्हणून "डायनामो पण गेला, आतली वायरिंगही जळालीय" हे मला पटलं. डायनामो ८,५००, वायरिंग किट ६,२००, बॅटरी ५,४००, मजुरी २,५००. एकूण २२,६००. त्यातले १५,००० यूपीआयने दिले, ७,६०० रोख. बिल म्हणून वहीचं फाडलेलं पान, त्यावर ना शिक्का ना सही.

गाडी नऊ दिवस चालली, दहाव्या दिवशी पुन्हा कट-कट.

मेहुणा आला. "दाजी, सेल्फ मारा," म्हणाला. काळी पिन बॅटरीच्या मायनसवर, लाल इंजिनच्या उघड्या लोखंडावर. आकडा ४.३. तिथे अर्ध्या व्होल्टच्या वर जायलाच नको. त्याने जंपरची केबल मायनसपासून थेट इंजिनला लावली, आणि पहिल्याच सेल्फला गाडी चालू. इंजिनपासून चॅसिसला येणारी अर्थची पट्टी, जिच्यातून करंट बॅटरीकडे परत जातो, ती आतून कुजली होती. नवी पट्टी १८० रुपयांना मिळाली. नऊ दिवस गाडी चालली, कारण त्या इलेक्ट्रिशियनने त्या पट्टीचा बोल्ट घासून आवळला होता. म्हणजे बिघाड कुठे आहे हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं!

डायनामोही जुनाच निघाला, डिझेलने धुतलेला. मागच्या वर्षी हौद्याला रंग देताना उडालेला पिवळा थेंब त्याच्या पाठीवर तसाच आहे. वायरिंग किट म्हणजे जुन्याच वायरींवर नवी काळी टेप. 'नव्या' बॅटरीचा नंबर खरवडलेला, आणि माझी चौदा महिन्यांची, वॉरंटीतली बॅटरी त्याने ठेवून घेतली. जुना पार्ट दुकानात सोडू नका, गाडीत टाकून घरी आणा.

चौकीत चार वेळा गेलो. पहिल्यांदा साहेब जत्रेच्या बंदोबस्तावर. दुसऱ्यांदा "अर्ज लिहून आणा". तिसऱ्यांदा अर्ज वाचून "हा व्यवहाराचा वाद आहे, कोर्टात जा". चौथ्यांदा माझा अर्जच सापडेना. पोच मागितली तर समोरचा म्हणाला, "काका, तुम्ही पैसे स्वतःच्या हाताने दिलेत ना?" दिले. खोटा आकडा दाखवून काढून घेतले तरी ते मीच दिले, असं यांचं म्हणणं. दुसऱ्या एका ऑफिसात सांगितलं, गॅरेज आमच्याकडे येत नाही. तिसरीकडे म्हणे गाडी धंद्याची, तुम्ही ग्राहकच नाही. अहो, पोट भरायला माणूस जी वस्तू स्वतः वापरतो ती ग्राहक कायदा 'व्यावसायिक' धरत नाही! हे टेबलापलीकडच्या माणसाला मी समजवायचं? दोन दिवसांचं भाडं या खेट्यांत बुडालं ते वेगळंच. अर्जाची पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. पाच लाखांपर्यंत तिथे फी नाही. माझ्याकडे यूपीआयची नोंद आहे, वहीचं पान आहे आणि पिवळ्या थेंबाचा फोटो आहे. ७,६०० रोख दिल्याचा कागद नाही. रोख देऊच नका.

माझ्या जुन्या बॅटरीचं वॉरंटी कार्ड माझ्याकडे आहे, त्यावर नंबर आहे. जानेवारीनंतर सोलापुरात कुणी सेकंडहँड बॅटरी घेतली असेल, तर तिचा नंबर मला कळवा. तुमची बॅटरी मी मागणार नाही, मला फक्त तो नंबर आयोगापुढे ठेवायचा आहे.