आरएक्स 100 चे ड्रम ब्रेक आणि नाशिकच्या बाजारातील स्वस्त सुटे भाग

यामाहाची आरएक्स 100 भारतात 1985 ते 1996 या काळात तयार झाली. तिच्या 98 सीसीच्या टू-स्ट्रोक इंजिनाच्या 11 अश्वशक्तीचे कौतुक अजून संपलेले नाही; मात्र त्या वेगाला आवर घालणाऱ्या 130 मिमीच्या ड्रम ब्रेकविषयी फारसे कोणी बोलत नाही. केंद्र सरकारच्या 2021 च्या नियमांनुसार एखाद्या वाहनाला ‘व्हिंटेज’ म्हणवून घेण्यासाठी पहिल्या नोंदणीनंतर 50 वर्षे पूर्ण व्हावी लागतात, त्यामुळे कागदोपत्री ही गाडी अजून नुसतीच जुनी आहे. सुट्या भागांच्या दुकानात मात्र तिला केव्हाच ते मानाचे स्थान मिळाले असून, ‘कंपनीचा जुना स्टॉक’ या तीन शब्दांसरशी कोणत्याही वस्तूची किंमत तिप्पट होते. अशा परिस्थितीत नाशिकच्या द्वारका आणि मुंबई नाका परिसरातील दुकानांत मिळणाऱ्या स्वस्त पर्यायी भागांवर दोन्ही ब्रेक विश्वासाने उभे करता येतात का, हे पाहण्यासाठी मी माझ्या गाडीचे ब्रेक पूर्ण उघडून नव्याने बांधले. येतात, असे माझे मत आहे. मात्र वाचवलेल्या पैशांतला काही भाग लेथवर, म्हणजे धातू कातण्याच्या यंत्रावर, खर्च करण्याची तयारी हवी. मला दोन्ही चाकांचे भाग, बेअरिंग, केबल आणि लेथची मजुरी धरून 2,500 रुपयांच्या आत खर्च आला.

ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या अर्धगोल ब्रेक शूचे बाजारात साधारण तीन प्रकार दिसतात. बिनानावाचा, पारदर्शक पिशवीत मिळणारा जोड शंभर-सव्वाशे रुपयांना मिळतो. ब्रेक लायनर (शूवरचा घर्षणाचा थर) बनवणाऱ्या नामांकित भारतीय कंपनीचा खोक्यातला जोड अडीचशेच्या आसपास पडतो. आणि जुन्या स्टॉकचा जोड विक्रेत्याच्या मनःस्थितीप्रमाणे आठशेपासून पुढे कितीही. या तिसऱ्या प्रकाराचा मोह मला अनाठायी वाटतो, कारण या शूवर लायनर चिकटवलेला असतो आणि वर्षानुवर्षे दमट माळ्यावर पडून राहिलेल्या चिकटीची परीक्षा आपल्या घाटात घेण्यात शहाणपण नाही. पहिल्या दोन प्रकारांतला फरक दुकानातच ओळखता येतो. दोन्ही शू काउंटरच्या काचेवर आडवे ठेवून हलकेच दाबावेत. ओतकाम वाकडे असेल तर शू डुगडुगतो. लायनरची जाडी दोन्ही टोकांना आणि मध्ये व्हर्निअरने, म्हणजे बारीक मापे घेणाऱ्या मोजपट्टीने, पाहावी. नवा लायनर 4 मिमीच्या आसपास असायला हवा आणि तो झिजून 2 मिमीवर आला की शू बदलायचा असतो. मी पाहिलेल्या बिनानावाच्या जोडांत एकाच शूच्या दोन टोकांमध्ये हाताला जाणवेल इतका फरक होता आणि ब्रेक दाबल्यावर फिरून शू फाकवणारा कॅम जिथे टेकतो त्या टोकांवर ओतकामाचे कंगोरे तसेच राहिले होते. खोक्यातल्या जोडात हे दोष नव्हते. गिऱ्हाईक काउंटरवर व्हर्निअर काढते तेव्हा दुकानदाराच्या कपाळावर आठ्या पडतात, पण त्याला इलाज नाही.

शू कितीही चांगला घेतला तरी तो ज्या ड्रमला टेकायचा तोच गोल नसेल, तर सगळा खर्च पाण्यात जातो. या गाडीचा ड्रम म्हणजे ॲल्युमिनियमच्या हबमध्ये (चाकाच्या मधल्या भागात) बसवलेली बिडाची रिंग. चाकाच्या तारा कमीजास्त ताणल्या गेल्या की त्यांच्या ओढीने हब किंचित अंडाकृती होतो आणि ब्रेक दाबताना लिव्हर बोटाखाली लयीत मागे-पुढे होत असल्याचे जाणवते. शिवाय वर्षानुवर्षांच्या घर्षणाने आत चरे पडतात आणि कडेला एक उंच काठ तयार होतो. 130 मिमीचा ड्रम आतून 131 मिमीपर्यंत मोठा झाला की तो निकाली काढायचा, ही त्याची मर्यादा आहे. म्हणजे लेथवर कातण्यासाठी हातात जेमतेम एक मिलिमीटर असतो आणि त्यातला बराचसा भाग मागच्या मालकांनी आधीच संपवलेला असतो. म्हणून ‘थोडा जास्त मारून घ्या, साफ होऊन जाईल’ हा गॅरेजमधला सल्ला ऐकू नये. चरे पूर्ण जाईपर्यंत कातण्यापेक्षा ड्रम गोल होईपर्यंतच कातावा आणि एखादी बारीक रेघ राहिली तर राहू द्यावी.

या कामासाठी 18 इंची चाक फिरू शकेल असा मोठा लेथ लागतो. गल्लीतल्या छोट्या लेथवर टायर काढूनही चाक बसत नाही, म्हणून अंबड किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत चौकशी करावी लागते. मी जिथे काम करून घेतले तिथल्या लेथवाल्या काकांनी चाक पाहताक्षणीच बजावले, “आधी तारा ताणून, चाकाचा आउट (वाकडेपणा) काढून आणा, नवीन बेअरिंगही घालून आणा, मगच मी हत्यार लावीन.” हा आग्रह बिनचूक आहे. सुटा हब कातून नंतर तारा भरल्या तर त्यांच्या ताणाने तो पुन्हा वेडावाकडा होतो. आणि चाक ज्या बेअरिंगवर रस्त्यावर फिरणार, त्याच बेअरिंगच्या मध्याला धरून कातले तरच ड्रम एक्सलशी समकेंद्री राहतो. दर चाकामागे साडेतीनशे रुपये दिले. माझ्या मते संपूर्ण कामातला हा सर्वात सार्थकी लागलेला खर्च होता.

त्यानंतरची पायरी बहुतेक गॅरेजांत वगळली जाते. ड्रम कातून किंचित मोठा झाला की नव्या शूची गोलाई त्याच्यापेक्षा लहान पडते, त्यामुळे शू फक्त मध्यभागी टेकतो आणि दोन्ही टोके हवेत राहतात. लायनरवर खडूने आडव्या रेघा ओढून, शू ज्यावर बसतात त्या ब्रेक प्लेटवर ते बसवून चाक हाताने फिरवत ब्रेक हलकेच दाबला, की कुठे खडू पुसला गेला त्यावरून हे स्पष्ट दिसते. लेथवाला समजूतदार असेल तर शू प्लेटवर बसवून, कॅम आणि शू यांच्यामध्ये पातळ पत्रा घालून, ड्रमच्या मापाला जुळेल इतका लायनर कातून देतो. ते शक्य नसेल तर ड्रमच्या आत पॉलिश पेपर चिकटवून शू त्यावर घासता येतात. वेळ जातो, पण काम होते. शेवटी ज्या शूवर चाकाची फिरकी कॅमच्या टोकाकडून चढते, म्हणजे जो आपोआप ड्रमकडे ओढला जाऊन जास्त काम करतो, त्याच्या पुढच्या कडेला कानसेने तिरका उतार द्यावा. त्याने ब्रेकचे किंचाळणे थांबते. हे सारे करताना जुनी पूड कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. ती पूड ओल्या फडक्यानेच पुसावी आणि फडके टाकून द्यावे.

पुढच्या ब्रेकच्या केबलमध्ये स्वस्ताई अजिबात करू नये, असे माझे ठाम मत झाले आहे. साठ-सत्तर रुपयांच्या केबलचे बाहेरचे वेष्टण इतके मऊ असते की लिव्हर दाबल्यावर निम्मा जोर ते वेष्टण दाबण्यातच जातो, आणि चालवणाऱ्याला मात्र शू खराब असल्याचा संशय येतो. केबल हातात घेऊन वाकवून पाहिली तर हे दुकानातच समजते. दीड-दोनशेची, आतून अस्तर असलेली केबल घ्यावी. केबल बसवल्यावर कॅमचा लिव्हर असा लावावा की ब्रेक पूर्ण लागलेला असताना केबल आणि लिव्हर यांच्यात काटकोन होईल. कॅमच्या दात्यांवर लिव्हर एक दाता मागे-पुढे केल्याने ब्रेकच्या ताकदीत जितका फरक पडतो तितका महागडा शू घेऊनही पडत नाही. एक्सलचा नट आवळताना ब्रेक दाबून धरावा, म्हणजे प्लेट आपोआप मध्यावर येते.

कॅमच्या बाबतीत कानस हेच परीक्षेचे साधन. एका दुकानातल्या स्वस्त कॅमच्या कडेवर कानस लोण्यात सुरी फिरावी तशी फिरली. असा कॅम थोड्याच दिवसांत खड्डे पडून अडकू लागतो. जुना कॅम झिजलेला नसेल तर तो साफ करून, उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा अगदी पातळ थर देऊन पुन्हा वापरणेच उत्तम. बेअरिंग आणि ऑइल सील चांगल्या कंपनीचे घ्यावेत, त्यांत किमतीचा फरक फार नाही. स्प्रिंगा शूसोबत आल्या त्याच ठेवल्या. मागच्या रॉडचा नट, पिन आणि वॉशर मात्र सर्वात स्वस्त घेतले तरी चालतात. मागच्या पेडलला 20 ते 30 मिमी मोकळी चाल ठेवली आहे.

बांधलेले ब्रेक आधी त्र्यंबक रस्त्याच्या सपाट भागावर मध्यम वेगात हलके दाबत बसवून घेतले, चाक पुन्हा उतरवून लायनर सर्वत्र टेकत असल्याची खात्री केली आणि मग गाडी सप्तशृंगी गडाच्या घाटात नेली. टू-स्ट्रोक इंजिन उतारावर गाडीला फारसे रोखून धरत नाही, त्यामुळे गडावरून नांदुरीकडे उतरताना सगळा भार ब्रेकवर येतो आणि खोट लपत नाही. तुलनेसाठी मागच्या चाकात एकदा बिनानावाचा, नीट घासून मापात आणलेला जोड बसवला आणि नंतर त्याच चाकात खोक्यातला. थंड असताना दोघांत मला फारसा फरक सांगता आला नाही, आणि याचे श्रेय मी घासण्याला देतो. उतार अर्धा झाल्यावर मात्र बिनानावाच्या जोडाला जळका वास येऊ लागला आणि पेडल तेवढेच दाबूनही गाडी पुढे सरकत राहिली. खोक्यातल्या जोडाने पायथ्यापर्यंत साथ दिली. पुढच्या लिव्हरची चाल खाली पोहोचेपर्यंत थोडी वाढली होती. तापून ड्रम फुगला की तसे होतेच, आणि चहा होईपर्यंत ती पूर्ववत झाली. केवळ शहरात, गंगापूर रोड ते कॉलेज रोड एवढेच फिरणाऱ्याचे स्वस्त जोडावर कदाचित भागेल, पण शंभर-सव्वाशे रुपयांच्या फरकासाठी मी तो पुन्हा घेणार नाही.

पावसाबद्दल एक सूचना आवश्यक आहे. इगतपुरी किंवा त्र्यंबकच्या बाजूच्या पावसात रस्त्यावरच्या पाण्यातून गाडी काढली की ड्रममध्ये पाणी शिरते आणि पहिल्या दाबाला ब्रेक जवळपास लागतच नाही. पाण्यातून बाहेर पडताच ब्रेक हलके दाबत काही अंतर चालवून ड्रम वाळवावा. नव्या, नीट टेकणाऱ्या लायनरमुळे हा त्रास कमी झालेला नाही. ड्रम ब्रेकचा तो स्वभावच आहे. पावसाळा संपल्यावर प्लेट उघडून कॅम साफ करून ग्रीस बदलावे.

एकच वस्तू मला इथल्या बाजारात समाधानकारक मिळाली नाही, ती म्हणजे ब्रेक प्लेट. कॅम जिथून जातो ते प्लेटचे छिद्र झिजून मोठे झाले की कॅम तिरका होतो आणि दोन्ही शू सारखे उघडत नाहीत. पर्यायी प्लेट दिसायला चकचकीत असली तरी तिच्या छिद्रात नवा कॅम आधीच खेळत होता. त्यापेक्षा जुन्या प्लेटला त्याच लेथवाल्याकडून गनमेटलचा (तांब्याच्या मिश्रधातूचा) बुश, म्हणजे छिद्रात बसणारी छोटी नळी, बसवून घेतला. दीडशे रुपये लागले आणि कॅम आता कोणताही खुळखुळाट न करता फिरतो.