‘पाच मायक्रॉन’ सांगून गळ्यात मारलेला स्पिंडल

छंदापुरत्या सीएनसीवर (संगणकाच्या आज्ञेने कापणाऱ्या मशीनवर) चढवायला वेगळा स्पिंडल, म्हणजे कापणारा बिट फिरवणारा भाग, शोधत असाल तर हे वाचा. मी घेतलेल्या स्पिंडलच्या जाहिरातीत दोन दावे होते: टेपरचा (बिटची पकड बसते त्या निमुळत्या भोकाचा) रनआउट, म्हणजे फिरताना केंद्रापासून होणारी डगमग, ०.००५ मिमीच्या म्हणजे पाच मायक्रॉनच्या आत, आणि आत अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंग (बाजूचा आणि अक्षाच्या दिशेचा असे दोन्ही भार पेलणारं). दोन्ही खोटे निघाले. पण खोटा माल ही निम्मीच फसवणूक. खरी हुशारी विक्रेत्याने तक्रार आल्यावर दाखवली.

बिट लाकडात शिरला की मशीन किंचाळायचं, कापलेल्या कडेवर लाटा उमटायच्या आणि ३ मिमीचे बिट शँकपाशी (पकडीत धरल्या जाणाऱ्या दांडीपाशी) तुटायचे. विक्रेत्याला कळवलं. उत्तर गोड: ‘फीड (बिट पुढे सरकण्याचा वेग) कमी करा.’ मग ‘आरपीएम (मिनिटाचे फेरे) बदलून बघा.’ मग ‘बिट हलक्या दर्जाचा असेल, आमच्याकडे बॅलन्स केलेले आहेत.’ त्यानंतर बिट कसणारा नट बदला, आणि शेवटी तुमची गॅन्ट्रीच (स्पिंडल वाहून नेणारी चौकट) लुळी आहे, ती सरकते त्या रेल बदला. रेलही अर्थात त्याच्याकडे होत्याच! थरथरीला कारणं खरोखरच अनेक असतात. बोथट धार, कोलेटमध्ये (बिट आवळून धरणाऱ्या पकडीत) अडकलेला भुसा, गरजेपेक्षा लांब बाहेर काढलेला बिट, ढिला बेल्ट, काहीही. त्यामुळे यातला एकही सल्ला ऐकताना थाप वाटत नाही, आणि एकेक तपासून होईपर्यंत माल परत करायची मुदत उलटते. त्याला तेवढंच हवं असतं.

फीड कमी करण्याचा सल्ला तर दुखणं वाढवणारा. १८,००० आरपीएम, दोन धारांचा बिट आणि मिनिटाला ७२० मिमी फीड असेल तर प्रत्येक धारेच्या वाट्याला ०.०२ मिमी येतं. बिटच्या टोकाशी ०.०५ मिमी रनआउट असला आणि धारा नेमक्या त्याच दिशेत आल्या, तर एकटी धार ०.०४ मिमी कापते, दुसरी नुसती फिरते. फीड उतरवाल तसा रनआउटचा वाटा आणखी मोठा होतो.

शेवटी डायल गेज (बारीक हालचाल सुईने दाखवणारं मोजमापाचं यंत्र) लावला. वीज काढून, गेजचं टोक शँकच्या गोल भागावर टेकवून स्पिंडल हाताने फिरवला. सुई ०.०६ मिमी हलली. सुई सर्वात वर जाते त्या जागी स्पिंडलवर मार्करने खूण केली. मग बिट कोलेटमध्येच अर्धा फेरा फिरवून पुन्हा कसला. उंच जागा बिटबरोबर सरकली असती तर बिट वाकडा. ती खुणेवरच राहिली. तसाच कोलेटही अर्धा फेरा फिरवला, तरी ती हलेना. म्हणजे बिट निर्दोष, कोलेट निर्दोष, उरला स्पिंडल. कोलेट काढून आतल्या टेपरवर लिव्हर गेज (अरुंद जागेत टोक पोचणारा डायल गेज) टेकवला तर तिथेच ०.०३ मिमी. जाहिरातीतल्या आकड्याच्या सहापट.

या मोजणीचं चित्रण विक्रेत्याला पाठवल्यावर त्याने स्वतःचा ‘टेस्टिंग व्हिडिओ’ पाठवला. सुई ढिम्म. बघणाऱ्याला वाटतं, वा! पण थांबवून पाहिलं तर गेजचं टोक टेपरला जेमतेम शिवतंय की नाही अशी स्थिती. टोक थोडं दाबूनच गेज लावायचा असतो, नाहीतर सुई आपल्या मूळ जागी पडून राहते. शिवाय त्या गेजचा एक भाग ०.०१ मिमीचा. त्यावर ०.००५ म्हणजे अर्धा भाग, तोही अंदाजानेच वाचायचा.

माल परत घ्यायला त्याने साफ नकार दिला, तेव्हा सील तोडून आत पाहिलं. बेअरिंगवर ६००२, म्हणजे साध्या बॉल बेअरिंगचा आकडा, कोरलेला. एका ओळीच्या अँग्युलर कॉन्टॅक्टचे आकडे सहसा ७ पासून सुरू होतात, तिथे ७००२ हवं होतं. दोन्हींचं माप १५×३२×९ मिमी, त्यामुळे एकाच्या जागी दुसरं बिनबोभाट बसतं. ६००२ हे वाईट बेअरिंग नव्हे, पण पैसे ७००२चे घेतले होते.

विक्रीच्या साइटवर तक्रार केली. ‘ग्राहकाच्या मशीनमधील दोष’ असा शेरा मारून ती बंद झाली. म्हणून नवा स्पिंडल मशीनवर चढवण्याआधीच टेबलावर घट्ट बांधून टेपर मोजा, खोका उघडण्यापासून सलग चित्रण करा, आणि आकडा चुकीचा आला तर त्याच दिवशी परतीची विनंती टाका. एकदा का तो गॅन्ट्रीवर बसला की विक्रेत्याला बोट दाखवायला तुमचंच मशीन मिळतं.