क्लॉडियाचे केस

बावीस वर्षं नाटकांची रंगभूषा करतेय. प्रेतकळा आणायची म्हणजे फिकट बेस, डोळ्यांखाली जांभळट छटा, ओठ पुसट, असंच मी शिकले. 'इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर' या रक्तपिपासू पिशाच्चांच्या सिनेमाची डिस्क परवा पुन्हा लावली ती खरं तर ब्रॅड पिटच्या कपाळावरच्या शिरा नीट बघायला. रंगभूषाकार स्टॅन विन्स्टनच्या चमूने नटांना चक्क उलटं टांगलं होतं. रक्त डोक्यात उतरून शिरा तटतटल्या की त्यांच्यावरूनच रेषा ओढायच्या. म्हणून त्या काढलेल्या वाटतच नाहीत, कातडीच्या आतून आल्यासारख्या दिसतात.

सिनेमा १९९४चा, नील जॉर्डनचा. ॲन राइसची मूळ कादंबरी १९७६ची. पुढे तिची मोठी मालिका झाली. १९७२ मध्ये राइसची मुलगी ल्युकेमियाने गेली, सहा वर्षांचीही नव्हती. कादंबरीतली क्लॉडिया, पिशाच्च झाल्यामुळे जिची वाढ कायमची थांबते ती पोर, पाच वर्षांची आहे. हे कळल्यावर मला ते पुस्तक पुन्हा हातात घ्यायला बरेच महिने लागले.

पडद्यावरची क्लॉडिया मोठी आहे. कर्स्टन डन्स्ट तेव्हा अकरा वर्षांची होती. हा बदल मला पूर्ण पटला. मन बाईचं आणि शरीर बाहुलीचं, हे पाच वर्षांच्या पोरीकडून करवून घेणार कसं? आणि अकराव्या वर्षी तर वाढ अगदी उंबऱ्यावर आलेली असते, त्यामुळे ती कायमची थांबणं जास्तच जिव्हारी लागतं. तीस वर्षं उलटलीत, तरी तिला पिशाच्च करणारा लेस्टाट तिला बाहुलीच आणून देतो. ती संतापून आपले कुरळे केस कापते, आत जाते आणि किंचाळते. केस जसेच्या तसे परत आलेले असतात. त्या क्षणी रक्ताचा थेंब नाही, पण आख्ख्या सिनेमात मी घाबरले ती तिथेच.

दुसरा बदल मात्र मला आजही खुपतो. कादंबरीत नायक लुई (सिनेमात ब्रॅड पिट) पिशाच्च होण्याआधी आपल्या देवभोळ्या भावाच्या साक्षात्कारांवर विश्वास ठेवत नाही, त्याला हसतो, आणि भाऊ जिन्यावरून पडून मरतो. लुईला मरण हवंसं वाटतं ते त्या अपराधामुळे. सिनेमात त्याची बायको आणि मूल गेलेलं दाखवलंय. दुःख राहिलं, पण अपराध गेला. मग पुढे दोनशे वर्षं हा माणूस स्वतःला का कोसत बसतो, त्याचं मूळच हाती लागत नाही. पटकथेवर नाव खुद्द राइसचं आहे, म्हणून जास्त वाईट वाटतं.

टॉम क्रूझला लेस्टाट म्हणून घेतल्यावर राइसने उघड विरोध केला होता आणि सिनेमा बघून तितक्याच उघडपणे मत बदललं. क्लॉडियाच्या मेलेल्या आईला उचलून तो नाचतो, ते बघितल्यावर माझी तर काहीच तक्रार उरली नाही. शेवट कादंबरीपेक्षा वेगळा आहे, मला तो घाईचा वाटला.

मोबाईलवर अजिबात बघू नका. फिलिप रूसलोचं छायाचित्रण मेणबत्तीच्या उजेडासारखं आहे. छोट्या पडद्यावर निम्म्या चौकटी नुसत्या काळ्या दिसतात. खोलीत अंधार करा, आवाज मोठा ठेवा, इलियट गोल्डनथालचं संगीत ऐकू येऊ द्या. मुलांना मात्र दाखवू नका. बाहुल्यांच्या ढिगाखाली क्लॉडियाने काय लपवलंय ते कळतं, ती जागा त्यांच्यासाठी नाही.

सिनेमा संपल्यावर भाच्याला म्हटलं, पलंगावर आडवा हो आणि डोकं कडेवरून खाली सोड. दोन मिनिटंही झाली नसतील, कानशिलावर एक शीर वर आली. निळ्या पेन्सिलीने हलकेच तिच्यावरून रेघ ओढली, बोटाने कडा पुसट केल्या आणि त्याला उठवून बसवलं. शीर खाली बसली, रेघ तिथेच राहिली. इतकी खरी शीर मी आजवर कुणाच्याच चेहऱ्यावर काढली नव्हती.