टेक्सासच्या रिपब्लिकन आमदारांकडे इंटर्नशिप : एका अधिवेशनाचा अनुभव

गेल्या महिन्यात ओळखीतल्या दोन-तीन घरांतून आईला एकच विचारणा झाली. "तुमची मुलगी ऑस्टिनला आमदारांच्या ऑफिसात होती ना? आमच्या मुलाला पाठवावं का?" आईनं दर वेळी फोन माझ्या हातात दिला. तेव्हा जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

२०२५च्या अधिवेशनात मी टेक्सासच्या प्रतिनिधीगृहातल्या एका रिपब्लिकन आमदारांकडे इंटर्न होते. त्यांचं नाव देत नाही. मतदारसंघ ग्रामीण, छोट्या छोट्या गावांचा. इथल्या विधिमंडळाचं नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदाच, विषम वर्षी भरतं आणि त्याला १४० दिवसांची मर्यादा असते. आमचं अधिवेशन १४ जानेवारीला सुरू होऊन २ जूनला संपलं. दोन वर्षांचं काम पाच महिन्यांत उरकायचं असल्यामुळे नवख्या मुलांनाही खरं काम मिळतं, आणि या इंटर्नशिपची सगळ्यात मोठी जमेची बाजू मला तीच वाटते.

बाहेरून दिसते ती कॅपिटलची, म्हणजे इथल्या विधानभवनाची, गुलाबी ग्रॅनाइटची १८८८ सालची देखणी इमारत. आम्ही मात्र तिच्या मागे, १९९३ मध्ये जमिनीखाली बांधलेल्या भागात बसायचो. खोलीत दोन इंटर्न, एक टेबल, दोन फोन.

फोनबद्दल जरा जास्त लिहिते, कारण मी जे शिकले त्यातलं बरंचसं तिथेच शिकले. फोन आला की नाव, झिप कोड, विधेयकाचा क्रमांक आणि बाजूनं की विरोधात एवढं नोंदवायचं. मतदारसंघातला फोन वेगळ्या रकान्यात. बाहेरून येणारे बरेच जण कुणीतरी लिहून दिलेला मजकूर वाचून दाखवायचे. चार फोन घेतले की पाचव्याचं दुसरं वाक्य मला आधीच माहीत असायचं. आपल्या मतदारसंघातला माणूस असं बोलत नाही. तो आधी पावसापाण्याचं विचारतो.

त्या वर्षीचं मोठं विधेयक होतं सिनेट बिल २, म्हणजे सिनेट या वरच्या सभागृहातून आमच्याकडे आलेलं. खासगी शाळेत जाणाऱ्या मुलामागे सरकारनं वर्षाला साधारण १० हजार डॉलर द्यायचे, घरी शिकणाऱ्याला २ हजारांपर्यंत, आणि सुरुवातीची तरतूद १ अब्ज डॉलर. आईला समजावताना मी आपल्याकडच्या आरटीईचं उदाहरण दिलं. ती म्हणाली, "अगं, पण ते गरिबांसाठी राखीव आहे ना?" बरोबर होतं तिचं. इथे जवळजवळ सगळ्यांनाच अर्ज करता येतो. पैसे कमी पडले तर अपंगत्व आणि उत्पन्न बघून क्रम लागतो.

मी या विधेयकाच्या बाजूची होते, आजही आहे. पालकांना निवड असावी असं मला मनापासून वाटतं. पण रिपब्लिकन मतदार म्हणजे सगळे त्याच बाजूचे, ही माझी समजूत पहिल्या पंधरवड्यातच गेली. आयुष्यभर रिपब्लिकन पक्षाला मत दिलेल्या निवृत्त शिक्षिका फोन करून सांगायच्या की आमच्या गावात दुसरी शाळाच नाही, शाळेइतक्या नोकऱ्या देणारंही दुसरं कुणी नाही, मग निवड कशातून करायची? घरी मुलांना शिकवणाऱ्या काही आयाही विरोधात होत्या. सरकारचे पैसे आले की सरकारचे नियमही येतील, ही त्यांची भीती. नोव्हेंबर २०२३ मध्ये, राज्यपालांनी बोलावलेल्या विशेष अधिवेशनात, २१ रिपब्लिकन आमदारांनी डेमोक्रॅट्सबरोबर मत देऊन अशीच योजना ८४ विरुद्ध ६३ अशी पाडली होती. ते का घडलं हे मला बातम्यांपेक्षा त्या फोनांवरून कळलं. त्यानंतर पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत रिपब्लिकन राज्यपाल ॲबट यांनी पक्षातल्याच या विरोधकांविरुद्ध उघड प्रचार केला आणि त्यातले बरेच जण घरी गेले.

१६ एप्रिलला सुरू झालेली चर्चा मध्यरात्र उलटून गेली तरी चालू होती. मी ऑफिसातल्या टीव्हीसमोर बसून होते. १७ तारखेच्या पहाटे विधेयक त्या टप्प्यावर मंजूर झालं आणि रिपब्लिकनांपैकी फक्त दोघे विरोधात गेले. आमच्या आमदारांनी बाजूनं मत दिलं. पण त्याआधी दर शुक्रवारी आमच्या नोंदींचा कागद ते स्वतः वाचत होते, आणि विरोधातल्या काही जणांना त्यांनी मतदानानंतर स्वतःहून फोन केले. दोन फोन मीच जोडून दिले होते. कार्यालय चांगलं की वाईट हे मी यावरून ठरवते.

बाकीचं काम भराभर सांगते. कॅपिटलवर फडकवलेले झेंडे मतदारांना पाठवणं, शाळेच्या सहलींना इमारत दाखवणं, शंभरी गाठलेल्या आजींच्या अभिनंदनाच्या ठरावासाठी घरच्यांकडून माहिती गोळा करणं. विधेयकांचा कायदेशीर मसुदा लेजिस्लेटिव्ह कौन्सिल या विधिमंडळाच्या कार्यालयातले वकील करतात, पण समितीसमोर जाणाऱ्या टिपणातली पार्श्वभूमी एका विधेयकासाठी मी लिहिली. पाणीपुरवठ्याचं छोटंसं विधेयक होतं. १५ मे ही प्रतिनिधीगृहाच्या स्वतःच्या विधेयकांची शेवटची रात्र. वेळ संपावी म्हणून आमदार मुद्दाम लांबण लावतात, त्याला इथे 'चबिंग' म्हणतात. बारा वाजले आणि यादीत खाली असलेलं आमचं विधेयक तिथेच मेलं. मी स्वच्छतागृहात जाऊन रडले. आमच्या चीफ ऑफ स्टाफ बाईंनी दुसऱ्या दिवशी विचारलं, "सिनेटमधल्या कुठल्या विधेयकाला ते दुरुस्ती म्हणून जोडता येईल? शोध." मी दोन दिवस शोधलं. जमलं नाही, पण नियम तेव्हा नीट वाचले गेले.

तक्रारी आहेतच. मला एक डॉलरही मिळाला नाही, फक्त कॉलेजचे क्रेडिट मिळाले. माझं कॉलेज पायी वीस-पंचवीस मिनिटांवर होतं आणि भाडं बाबा देत होते म्हणून निभावलं. माझ्याबरोबर निवड झालेला एक मुलगा मतदारसंघातल्याच गावचा, शेतकऱ्याच्या घरचा. त्यानं तिसऱ्या आठवड्यात सोडलं, कारण रात्रपाळी करून सकाळी कोट घालून यायला त्याला झेपेना. ग्रामीण मतदारसंघाच्या कार्यालयात ग्रामीण मुलालाच टिकता येऊ नये, याचा मला आजही राग येतो. काही कार्यालयं मानधन देतात. आधी विचारा, लाजू नका. शिवाय पहिले दोन आठवडे कुणीच काही शिकवलं नाही. रागावलेल्या माणसाशी काय बोलायचं हे मी शेजारच्या ऑफिसातल्या मुलीकडून शिकले.

विद्यार्थी व्हिसावर असाल तर बिनपगारी कामासाठीसुद्धा आधी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात चौकशी करा.

मुलगा डेमोक्रॅट विचारांचा असेल तर? माझ्या मते तरी जावं, पण फोनवर स्वतःचं मत सांगायचा मोह आवरता येत असेल तरच. तिथे आपण आमदारांच्या नावानं बोलत असतो.

पुढचं नियमित अधिवेशन १२ जानेवारी २०२७ला सुरू होईल. मुलाखतीत पगाराबरोबर आणखी एक गोष्ट विचारायला सांगा : फोनच्या नोंदी शेवटी कोण वाचतं?