व्हिडिओ सीव्ही बनवून देणारी सेवा: दोन महिन्यांच्या वापरानंतरचे मत

चार वर्षांच्या खंडानंतर मी पुन्हा नोकरी शोधू लागले, तेव्हा लेखी सीव्हीतील ती रिकामी जागा समोरच्याला कशी दिसेल याचीच मला धास्ती होती, आणि नेमक्या त्याच धास्तीवर बोट ठेवणारी जाहिरात पाहून मी एका व्हिडिओ सीव्ही (कॅमेऱ्यासमोर बोलून स्वतःची ओळख करून देणारे छोटे चित्रीकरण) सेवेची दोन महिन्यांची वर्गणी भरली. सेवेचे नाव देत नाही, कारण मला जे म्हणायचे आहे त्यातील बरेचसे या प्रकारालाच लागू पडते.

तांत्रिक बाजू ठीक आहे. आवाजातील खरखर कमी होते, खाली मजकुराच्या पट्ट्या आपोआप येतात आणि आपली लिंक कितींनी उघडली तेही कळते. टेलिप्रॉम्प्टर, म्हणजे बोलायचा मजकूर दाखवणारी चौकट, मात्र पडद्याच्या मध्यभागी आहे व कॅमेरा वरच्या कडेला, त्यामुळे पहिल्या सगळ्या चित्रीकरणांत मी समोरच्याच्या हनुवटीशी बोलत असल्यासारखी दिसले. मजकुराची चौकट लहान करून ती कॅमेऱ्याखाली सरकवल्यावर नजर सुधारली. याहून मोठी अडचण सेवेने दिलेल्या तयार मसुद्याची होती. सहज गतीने बोलणारा माणूस मिनिटाला साधारण १२० ते १५० शब्द बोलतो, आणि मसुदा होता २२० शब्दांचा. तो एका मिनिटात बसवताना मी गाडी चुकणार असल्यासारखी धावत होते. शेवटी मसुदा बाजूला ठेवून मी स्वतः १२० शब्द लिहिले. त्या खाडाखोडीत आपल्याला नेमके काय येते हे मला प्रथमच स्पष्ट झाले आणि पुढे मुलाखतीत तेच कामी आले. वर्गणीचे पैसे कशाने वसूल झाले असतील, तर याने.

जाहिरातीतील ‘आता कागदी सीव्हीची गरजच नाही’ हा दावा मात्र साफ दिशाभूल करणारा आहे. अर्जांची चाळणी करणारी सॉफ्टवेअर मुख्यतः मजकूर वाचतात. पात्रता, अनुभवाची वर्षे आणि कौशल्यांची नावे व्हिडिओत कितीही छान सांगितली तरी ती अशा शोधात हाती लागत नाहीत. शिवाय कागदावरून नजर हवी तिथे उडी मारू शकते, व्हिडिओ मात्र सुरुवातीपासून पाहावा लागतो, आणि शेकडो अर्ज समोर असलेल्या माणसाकडे तेवढी सवड नसते. फाईल ईमेलला जोडणेही कठीण, कारण जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे आणि फोनवरचे चांगल्या दर्जाचे मिनिटभराचे चित्रीकरण ती सहज ओलांडते. म्हणजे लिंकच द्यावी लागते, आणि ही लिंक वर्गणी संपली की बंद पडते, हे अटींच्या बारीक अक्षरांत लपलेले होते. अर्ज कित्येक आठवडे पडून राहतात. महिन्याभराने कोणी तो उघडला तर त्याला रिकामे पान दिसणार. याबद्दल मी तक्रार केली, तर उत्तरात वर्षभराच्या वर्गणीची सवलत आली.

चेहऱ्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. अमेरिकेत शिकागो व बोस्टन येथील नोकऱ्यांसाठी केवळ नावे बदलून अर्ज पाठवण्याचा एक प्रयोग झाला होता. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात गोऱ्या लोकांची वाटणारी नावे असलेल्या अर्जांना सुमारे ५० टक्के अधिक प्रतिसाद मिळाल्याचे दिसले. नुसत्या नावाने एवढे होत असेल, तर वय, वर्ण, उच्चार आणि मागची भिंत हे सारे पात्रतेच्या आधी दाखवणे कितपत शहाणपणाचे आहे, याचा विचार प्रत्येकाने करावा. यंत्राकडून होणाऱ्या परीक्षणाबाबतही शंका आहेतच: व्हिडिओ मुलाखतींच्या क्षेत्रातील हायरव्ह्यू या कंपनीने उमेदवारांच्या चेहऱ्याचे विश्लेषण थांबवल्याचे जानेवारी २०२१ मध्ये जाहीर केले.

माझा अनुभव लहान आहे. प्रशिक्षकाच्या पदांसाठी केलेल्या अकरा अर्जांना मी लेखी सीव्हीसोबत लिंक जोडली. त्यांतील चार लिंक उघडल्या गेल्या आणि दोन ठिकाणांहून मुलाखतीचे बोलावणे आले. त्यांपैकी एकीकडे ‘तुमचे समजावून सांगणे पाहिले’ असे आपणहून सांगितले गेले. दुसरीकडे कोणी व्हिडिओचा उल्लेखही केला नाही, उलट त्यांनी माझ्या अर्जातले ‘चार वर्षे आजारी वडिलांची शुश्रूषा केली; आता पूर्णवेळ काम करू शकते’ हे वाक्य वाचूनच बोलावले होते. ज्या खंडाचा खुलासा करण्यासाठी मी कॅमेऱ्यासमोर बसले, तो एका फुकटच्या ओळीत झाला होता.

तेव्हा शिकवणे, विक्री, सूत्रसंचालन अशा, बोलणे हेच काम असलेल्या पदांसाठी व्हिडिओ जरूर जोडावा, पण लेखी सीव्हीच्या जोडीला, मिनिटभराचा, आणि ज्या पदासाठी अर्ज आहे त्यातली एखादी गोष्ट प्रत्यक्ष करून दाखवणारा. लेखापाल किंवा सॉफ्टवेअर तपासनीस यांना त्याची गरज मला दिसत नाही. जाहिरातीतच मागितला असेल तर गोष्ट वेगळी. या सेवेला मी पाचपैकी दोन तारे देते. वर्गणी पुढे चालू ठेवली नाही. तेच १२० शब्द खिडकीसमोर बसून फोनवर पुन्हा चित्रित केले आणि स्वतःच्या खात्यावर, केवळ लिंक असलेल्यालाच दिसेल अशा रीतीने ठेवले आहेत.