शेवंड पकडायची: पिंजऱ्याने की बुडी मारून?

शनिवार-रविवारी शेवंडी (लॉब्स्टर) पकडायचा छंद लावून घ्यायचा असेल, तर साधनं घेण्याआधी त्या किनाऱ्याचे नियम वाचा. बरेचदा निवड तिथेच होऊन जाते. अमेरिकेतल्या मेन राज्यात बुडी मारून शेवंड धरायला बंदी आहे. हौशी परवान्यावर फक्त ५ पिंजरे टाकता येतात. कॅलिफोर्नियात नेमकं उलट आहे: हौशी माणसाला पिंजरा वर्ज्य, हाताने धरा नाहीतर कडीचं जाळं (गोल कडीला बांधलेलं, आमिष लावून तळाशी सोडायचं उघडं जाळं) टाका. मॅसॅच्युसेट्समध्ये परवाना काढला की पिंजराही चालतो आणि बुडीही.

दोन्ही मार्ग मोकळे असतील, तर स्वतःला एकच प्रश्न विचारा: सोमवार ते शुक्रवार पाण्यातल्या पिंजऱ्याचं काय?

शेवंड रात्री कपारीतून बाहेर पडते आणि आमिषाच्या वासाने पिंजऱ्यात शिरते. तुम्ही झोपलात तरी काम चालू, पोहण्यात तरबेज असायची गरज नाही. लहान किंवा अंडीवाली निघाली तर जिवंत परत सोडता येते. पण पुढच्या शनिवारी वारा सुटला आणि होडी निघालीच नाही, तर आत अडकलेल्या शेवंडी एकमेकींना जखमी करतात. दोर तुटून हरवलेला पिंजरा तर तळाशी जीव घेतच राहतो. म्हणूनच अनेक ठिकाणी पिंजऱ्याला पाण्यात कुजून उघडणारी झडप सक्तीची असते. दर आठवड्याला जायची खात्री नसेल, तर पिंजरा घेऊच नका, असं मी अगदी ठामपणे सांगेन.

बुडी मारणारा पाण्याबाहेर आला की मागे काहीच उरत नाही, आणि धरण्याआधी शेवंड दिसते. शेपटीखाली अंड्यांचा घोस असेल तर हात लावायचा नाही. फ्लोरिडात काटेरी शेवंडीचं पाठीचं कवच ३ इंचांहून मोठं लागतं, आणि ते पाण्यातच मोजावं लागतं. हिला नांग्या नसतात. मिशा धरल्या तर तुटून हातात येतात. शेपटीमागे काठीने हलकेच डिवचलं की ती कपारीतून पुढे सरकते, आणि बिचकली की मागच्या मागे उसळते, म्हणून जाळी तिच्या पाठीमागे धरायची. यातला खरा धोका शेवंडीचा नाही. कपारीत डोकं घालून बसलेला माणूस पाठीवरच्या टाकीत श्वासापुरती किती हवा उरली ते बघायला विसरतो. बुडी आधीपासून अंगवळणी नसेल, तर ती शेवंडीच्या नादाने शिकू नका.

कडीचं जाळं मधला मार्ग. कॅलिफोर्नियात ते निदान दर २ तासांनी उचलून बघावंच लागतं. एका रात्रीत सगळं आटोपतं, म्हणून फक्त सुट्टीला मोकळं असणाऱ्या नवख्याला मी आधी हेच सुचवेन, अर्थात जिथे परवानगी असेल तिथे.

काहीही निवडा, कवच मोजायची पट्टी मात्र पहिल्या दिवसापासून जवळ हवी.