‘ईसीएम गेलाय’ म्हणणाऱ्याला पैसे देण्याआधी: गोव्याच्या प्रवासात गाडीच्या इलेक्ट्रिकलमध्ये होणारी फसवणूक

कळंगुट किंवा पाळोळ्याच्या होमस्टेसमोर चार दिवस उभी असलेली गाडी परतीच्या सकाळी सेल्फ घेत नाही. किल्ली फिरवली की नुसतं टक-टक-टक होतं आणि मीटरवर एबीएस, एअरबॅग, पॉवर स्टिअरिंग असे पाच-सहा दिवे एकदम लागतात. शेजारचं कोणीतरी एका इलेक्ट्रिशियनला बोलावून देतं. तो आल्या आल्या स्कॅनर लावतो, बिघाडाचे आठ-दहा कोड दाखवतो आणि सांगतो, ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) गेलाय, बॅटरीत सेल डेड आहे, अल्टरनेटरही (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा पार्ट) चार्ज करत नाही. बिल चाळीस-पन्नास हजारांवर जातं. बऱ्याचदा त्या गाडीला फक्त बॅटरी चार्ज करून हवी असते.

हे सगळ्या गोव्याबद्दल नाही. म्हापसा, फोंडा, मडगाव इथे मीटर लावल्याशिवाय तोंड न उघडणारे, नेमकं काम करणारे ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत. पण बाहेरच्या राज्याची नंबर प्लेट, भरलेली डिकी आणि उद्या कामावर हजर व्हायचं आहे, हे दिसलं की भाव बदलणारेही आहेत. इलेक्ट्रिकल बिघाड डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्यांना तिथेच सगळ्यात जास्त वाव मिळतो.

आधी त्या चार दिवसांचा हिशोब पाहा. पार्किंग मोडवर ठेवलेला डॅशकॅम साधारण ०.३ अँपिअर खातो, म्हणजे दिवसाला ७.२ अँपिअर-तास. लहान पेट्रोल गाडीची बॅटरी बहुतेक ३५ अँपिअर-तासांची असते. चार दिवसांत जवळजवळ २९ गेले, सेल्फ फिरवायला काही उरलंच नाही. हा बिघाड नाहीच. निरोगी गाडी लॉक करून अर्धा तास झाल्यावर ५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त खात नाही. त्याहून जास्त जात असेल तर डॅशकॅम, बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टिम किंवा जीपीएस ट्रॅकर यांच्याकडे आधी बघायचं.

आता दिव्यांचं. गाडीतली कंट्रोल युनिटं कॅन नावाच्या दोन तारांवरून एकमेकांशी बोलतात. सेल्फ मारताना व्होल्टेज फार खाली गेलं की काही युनिटं क्षणभर बंद पडतात आणि बाकीची ‘संपर्क तुटला’ अशी नोंद करून ठेवतात. यू०१०० म्हणजे इंजिनच्या युनिटशी संपर्क तुटला, यू०१२१ म्हणजे एबीएसशी. त्याच यादीत पी०५६२, म्हणजे सिस्टिमचं व्होल्टेज कमी, हा कोड असेल तर मूळ कारण बहुधा तोच असतो. एकदम पाच दिवे लागले म्हणजे पाच पार्ट गेले असं नसतं, सगळ्यांना सामाईक असलेली सप्लाय किंवा अर्थ (अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हची बॉडी-इंजिनशी जोडणी) बिघडलेली असते. योग्य क्रम असा: बॅटरी पूर्ण चार्ज करा, कोड पुसा, दहा-पंधरा किलोमीटर चालवा, आणि जो कोड परत येईल त्याचाच विचार करा. पहिल्याच स्कॅनवरून पार्टचे भाव सांगणाऱ्याला तिथेच थांबवा.

म्हणून डिकीत पाचशे रुपयांच्या आतबाहेर मिळणारा मल्टिमीटर ठेवा आणि कोणीही बॉनेटमध्ये हात घालण्याआधी स्वतः आकडे घ्या. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू झाल्यावर साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवं. बऱ्याच नव्या गाड्यांत मात्र अल्टरनेटर गरजेप्रमाणे चार्जिंग कमी-जास्त करतो. बॅटरी भरलेली असेल तर तिथे १२.७ सुद्धा दिसतं, आणि नेमका तोच आकडा दाखवून ‘अल्टरनेटर गेला’ असं सांगितलं जातं. हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा डिफॉगर एकत्र लावा. व्होल्टेज वर सरकलं तर अल्टरनेटर काम करतो आहे.

अल्टरनेटरवरची दुसरी चलाखी म्हणजे त्याच्या पाठीमागचा बारीक तारांचा कपलर हळूच सैल करणे. चार्जिंग लगेच थांबतं आणि डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागतो. त्यामुळे आपण आधी घेतलेला आकडा आणि त्याने दाखवलेला आकडा यांत फरक पडला तर त्या कपलरकडे आणि बॅटरीच्या पॉझिटिव्हवरच्या मोठ्या फ्यूजकडे आधी बघा. अल्टरनेटर खरोखर बिघडला असला तरी बहुतेकदा त्यातले कार्बन ब्रश झिजलेले असतात किंवा व्होल्टेज सांभाळणारा रेग्युलेटर गेलेला असतो. दोन्ही सुटे बदलता येतात. अख्खं युनिट बदलायचंच असेल तर जुनं परत मागा, नाहीतर तेच धुऊन-रंगवून ‘नवीन’ म्हणून बसतं.

आणि इंजिन चालू असताना बॅटरीचा टर्मिनल काढून ‘चार्जिंग चेक’ करू पाहणाऱ्याला अजिबात करू देऊ नका. जुन्या, डायनॅमोच्या काळातल्या गाड्यांत ते चालायचं. आजच्या गाडीत बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेज क्षणभर उसळी घेतं, तीस-चाळीसच्याही पुढे जाऊ शकतं, आणि तोवर ठणठणीत असलेला ईसीएम त्या क्षणी खरोखर जातो.

बॅटरीवर मुद्दाम भार टाकून ती तपासणाऱ्या लोड टेस्टरचीही रीत ठरलेली आहे. बॅटरी आधी चार्ज असली पाहिजे, निदान १२.४, आणि लोड १५ सेकंदच द्यायचा. उतरलेल्या बॅटरीवर अर्धा मिनिट टेस्टर दाबून धरला तर कोणतीही बॅटरी ‘डेड’ दिसेल. नवी घेतलीच तर बॅटरीवरचा सीरियल नंबर वॉरंटी कार्डावरच्या नंबराशी जुळवून बघा, आणि जुन्या बॅटरीचे पैसे बिलातून वजा करून घ्या. तिच्यातल्या शिशाला किंमत असते, ती कोणी फुकट नेत नाही.

सगळ्यात मोठी रक्कम जाते ती ईसीएमवर. त्याची खूण अशी: इग्निशन ऑन केल्यावर चेक इंजिनचा दिवा लागतच नाही आणि स्कॅनर जोडला जात नाही. पण ईसीएमचा फ्यूज किंवा त्याला वीज जोडणारा स्विच, म्हणजे मेन रिले, काढून ठेवला तरी हुबेहूब हेच होतं, आणि फसवणारा नेमका तोच काढतो. फ्यूज बॉक्सच्या झाकणावरचा नकाशा बघून प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या ठिपक्यांवर मल्टिमीटरची तार लावा. दोन्हीकडे व्होल्टेज हवं, आणि जागा रिकामी नसावी. लाल १० अँपिअरचा, निळा १५, पिवळा २०, पारदर्शक २५, हिरवा ३०. उडालेल्याच्या जागी मोठा फ्यूज घालू नये. रिले तपासायला त्याच नंबरचा हॉर्नचा रिले अदलाबदल करून बघता येतो.

फ्यूज-रिले ठीक निघाले तर अर्थ बघा. समुद्राकाठच्या खारट हवेत आणि पावसाळ्यात बॉडी आणि इंजिन जोडणाऱ्या अर्थच्या पट्टीवर हिरवा-पांढरा थर चढतो. मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थ खराब आहे. दहा नंबरचा पाना, वायर ब्रश आणि वर थोडी पेट्रोलियम जेली, एवढ्यावर काम होतं. टर्मिनल काढताना आधी निगेटिव्ह, लावताना शेवटी निगेटिव्ह.

तरीही ईसीएमच म्हणत असतील तर एक गोष्ट लक्षात ठेवा. इमोबिलायझर (ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन चालू न होऊ देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत दुसरा ईसीएम नुसता लावून गाडी चालू होत नाही. किल्लीतल्या चिपशी त्याची ओळख कंपनीच्या टूलने करून द्यावी लागते, किंवा जुन्यातला डेटा लॅपटॉपवर घेऊन नव्यात भरावा लागतो. हे केलं असेल तर ते तुमच्यासमोर दाखवता येतं. ‘सेकंडहँड टाकला’ म्हणून अर्ध्या तासात गाडी चालू करून दिली असेल तर बहुधा तुमचाच ईसीएम फडक्याने पुसून परत बसला आहे आणि फ्यूज जागेवर गेला आहे. सुरुवातीलाच ईसीएमच्या लेबलचा, पार्ट नंबर आणि सीरियल नंबर वाचता येईल असा, फोटो काढून ठेवा आणि काम झाल्यावर पुन्हा जुळवा.

खरे बिघाडही होतातच. सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, आरपीएमचा काटा हलत नाही, आणि अर्धा तास थंड झाल्यावर गाडी आपोआप चालू होते, तर क्रँक सेन्सरवर, म्हणजे इंजिन फिरतंय हे ईसीएमला कळवणाऱ्या सेन्सरवर, संशय घ्यावा. त्याचा कोड पी०३३५. हा सेन्सर ईसीएमच्या तुलनेत अगदी स्वस्त असतो. वायपरखालच्या जाळीत पानं अडकून पाणी फ्यूज बॉक्सकडे वळणं, उंदराने वायर कुरतडणं, हेही गोव्याच्या पावसात नेहमीचं. पण त्यात कुरतडलेली वायर किंवा गंजलेली पिन डोळ्यांसमोर धरून दाखवता येते, तेवढं मागा.

मदतीचा नंबर इंटरनेटवर शोधू नका. ‘चोवीस तास टोइंग’ अशा नावाने दिलेले काही नंबर यूपीआयने आगाऊ पैसे घेऊन गायब होतात. गाडीच्या कंपनीचा रोडसाइड असिस्टन्सचा नंबर आणि विम्याच्या पॉलिसीवरचा नंबर निघण्याआधीच कागदावर लिहून ठेवा, कारण चोर्ला घाटात नेटवर्क जातं. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर सायबर तक्रार करा.

बिल जीएसटीचंच घ्या. गोव्यात नोंदलेल्या दुकानाचा जीएसटी नंबर १५ अक्षरी असतो आणि ३० ने सुरू होतो. तो जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की नाव दिसतं, ते पाटीवरच्या नावाशी जुळवा. बिलात पार्ट नंबर, सीरियल नंबर आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या. फसवणूक घरी पोहोचल्यावर कळली तरी ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. तक्रारीसाठी गोव्याला परत जावं लागत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगातही ती दाखल होते. सोबत बिल, पैसे दिल्याची नोंद, आधी-नंतरचे मीटरच्या आकड्यांचे आणि लेबलांचे फोटो, आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा तपासणी अहवाल जोडा. हा अहवाल शक्य तितक्या लवकर घ्या, कारण मधे दुसऱ्या कोणी गाडीत हात घातला तर काम नक्की कोणी बिघडवलं यावरच वाद सुरू होतो.